कानामागचं हाड

त्या दिवशी ऑफिसात काही घडलं असं म्हणता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत नवी लागलेली मुलगी तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि हसऱ्या तोंडाने, पण डोळे खिडकीकडे ठेवून म्हणाली, "आमच्यात बसायचं नसेल तर तसं सांगा ना, मॅडम. रोज मागे येऊन विचारते मी. तुम्ही मानसुद्धा वळवत नाही." बस, एवढंच. मुलगी डबा घेऊन आपल्या घोळक्यात गेली आणि ही हातातलं लेबल तसंच धरून बसून राहिली. औषधांच्या बाटल्यांवर जो मजकूर छापायचा तो आधी तिच्या टेबलावरून जायचा. नाव, घटक, उपयोग, कुणी घ्यायचं, कुणी घ्यायचं नाही. तिच्या नजरेतून काना-मात्रा सुटत नाही अशी तिची ख्याती होती, आणि रोज कुणीतरी मायेने मागे येऊन उभं राहत होतं ते मात्र पाठीवरून पाण्यासारखं ओघळून जात होतं. कानाच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, कानातलं एक इवलंसं हाड थिजत चाललंय, हळूहळू आणखी थिजेल. तुमच्या घरात कुणाला होतं का असं? त्यावर ती ठासून म्हणाली होती, छे, आमच्याकडे सगळ्यांचे कान तिखट. मुलीला हाक मारून सांगायला हवं होतं, अगं, मला ऐकूच आलं नाही. ते ओठांवर आलंही. पण त्याच वेळी तिच्या डोळ्यांपुढे एक पाठ आली आणि शब्द मागे सरले. बनियनमधली, मधोमध घामाची पट्टी उमटलेली, खिडकीजवळच्या टेबलावर वाकलेली, न वळलेली, बाबांची पाठ. इतक्या वर्षांत त्या पाठीचा तिला राग आला होता, तिची कीव आली होती, तिची स्वप्नं पडली होती. आज पहिल्यांदाच त्या पाठीच्या आत गेल्यासारखं वाटलं. आत शांत होतं. विहिरीच्या तळाशी असतं तसं.

घरी आल्यावर तिने गॅलरीतलं खोकं ओढून आत आणलं. ते धाकट्या भावाने पाठवलं होतं. बाबांना जाऊन बराच काळ झाला होता, आणि आईला एकटीने राहणं जमेना तेव्हा तिला इकडे लेकीकडे आणून भावाने आईबाबांच्या त्या दोन खोल्या रिकाम्या केल्या होत्या. तेव्हाच त्याचा फोन आला होता, "तायडे, बाबांचा एक लोखंडी डबा निघालाय. वायरी, काचेच्या नळ्या, काय काय आहे. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतो. देऊन टाकू?" नको, पाठव, असं ती का म्हणाली ते तिलाही कळलं नव्हतं. ज्या घराने तिला लहानपणीच वाटेला लावलं, त्या घराचं उरलंसुरलं सगळं शेवटी तिच्याच दारात आलं, आई आणि हे खोकं. डबा करड्या रंगाचा. पुढे एक बटण, एक लाल दिवा, एक फिरवायची खुंटी आणि माइकची वायर खुपसायची जागा. मागे दोन बारीक भोकं. नाव कुठेच नाही. कंपनीचं नाही, गावाचं नाही, नंबर नाही. तिने सवयीने उलटापालटा करून पाहिला. उपयोग लिहिलेला नसलेली वस्तू हातात आली की तिला अंगावर शहारा यायचा. अशा वस्तूने माणूस मरूही शकतो हे तिच्या नोकरीने तिला शिकवलं होतं. खुंटीच्या भोवती मात्र कुणीतरी लाल रंगाचे ठिपके दिले होते. पहिला ठिपका अगदी खाली, मग एकेक वर चढत गेलेला, शेवटचा जिथे खुंटी अडते तिथे. आई पलंगावर बसून हे बघत होती. आईचं आता मागचं-पुढचं एक झालं होतं. कधी ती लेकीला लेक म्हणायची, कधी आपली बहीण समजून तिच्याशी बोलायची, कधी नुसतीच बघायची. डब्याकडे बघताना तिने केसांवरून हात फिरवला, जशी बाई बाहेर निघण्याआधी फिरवते.

ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, आणि तेही ते मनावर घेऊन बोलत. डबा पाहून म्हणाले, पेशंट म्हातारा आहे, नातेवाइकांनी फार आशा ठेवू नये. मग झाकण काढून आत फुंकर मारली, धुळीने स्वतःच शिंकले, आणि एकामागून एक सांगत सुटले. हा अ‍ॅम्प्लिफायर आहे हे नक्की. म्हणजे बारीक आवाज घेऊन मोठा करणारा. शाळेत प्रार्थनेला वापरत असतील. नाहीतर तबकड्या वाजवायला. नाहीतर गिटारसाठी, ताई, तुम्हाला सांगतो, हल्लीची गिटारवाली पोरं असल्या डब्यासाठी जीव टाकतात, मी थोड्या वायरी फिरवून देतो, गिऱ्हाइकही मीच आणतो. ती म्हणाली, आधी हा कशाचा आहे ते सांगा, मग काय करायचं ते बघू. दोनचार दिवसांनी ती गेली तेव्हा त्यांची तिन्ही निदानं चुकली होती आणि ते त्यावर खूश होते. शाळेचा नव्हे, एवढी ताकदच नाही. गाण्याचा तर नव्हेच नव्हे. यातला खालचा सगळा आवाज, तो घुमारा, बनवणाऱ्याने मुद्दाम गाळून टाकलेला आहे. गाणं यातून ऐकलं तर पिंपात कोंडल्यासारखं वाटेल. ठेवलाय तो फक्त मधला पट्टा.

"मधला म्हणजे?"

"माणसाच्या बोलण्याचा," डॉक्टर म्हणाले. "जवळ बसून बोलणाऱ्या एका माणसाचा. आणि ऐकणारासुद्धा एकच. पण ऐकणार कशाने, तिथंच माझी गाडी अडलीय. मागून जे बाहेर येतं ते स्पीकरच्या कामाचं नाही, हेडफोनच्याही नाही. ज्याने केलंय त्याने हे घरी बसून केलंय, ताई. वायरींना दिलेले टाके हाताचे आहेत, सुरेख आहेत. वडील काय करत होते?"

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. मोठमोठे पंप, रात्रंदिवस धडधडणारे. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे, सगळे हातवाऱ्यांवर. एकदाच ती बाबांचा जेवणाचा डबा घेऊन तिथे गेली होती आणि दारातच थबकली होती, कारण बाबा पंपाला कान लावून उभे होते. कान नव्हे. एक लांब लोखंडी सळई होती, तिचं एक टोक पंपाच्या अंगावर टेकवलेलं आणि दुसरं कानाच्या मागे, तिथे हाड उंच येतं त्यावर. डोळे मिटलेले. चेहरा असा, की कुणी त्यांना दूरच्या गावची खुशाली सांगतंय. मग त्यांनी डोळे उघडले, पंपाच्या एका जागी खडूने फुली मारली, आणि शेजारच्या माणसाने तिला खुणेने सांगितलं की तुझ्या बापासारखा कान अख्ख्या खात्यात नाही. ही खूण ती घरी मिरवत घेऊन आली होती. हे डॉक्टरांना सांगता सांगताच तिचा हात आपोआप स्वतःच्या कानामागे गेला, आणि तिथे, त्या हाडावर, तिला एक जुनी चपराक आठवली. चपराक आईची. आईच्या हाताखाली मुकुट होता.

तो मुकुट म्हणजे पोलादाची एक वाकवलेली पट्टी होती, टोकाला काळं गोल बटण. आईबाबांच्या खोलीतून ती तिने पळवली होती आणि डोक्यावर चढवून राणी झाली होती; धाकटा प्रजा होता आणि पोट धरून हसत होता. आई आली, काही न विचारता एक लगावली आणि पट्टी काढून घेतली. खेळण्यावरून आईने कधी हात उगारल्याचं तिला दुसरं आठवत नव्हतं. रोज संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुऊन झाले, की आई आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची. आतून तिचा हळू, एकसारखा आवाज यायचा, बाबांचा क्वचित एखादा शब्द. मुलं त्याला 'कोर्ट बसलं' म्हणायची. कारण दिवसभरातले सगळे गुन्हे तिथे जात, आणि सकाळी बाबा बरोबर ज्याचा त्याचा कान धरत. भिंतीला कान असतात हे धाकट्याला अक्षरशः खरं वाटायचं. तो भिंतीपासून लांब जाऊन खोटं बोलायचा. एकदा फटीतून तिने पाहिलं होतं. आई टेबलावर वाकून कशाशी तरी बोलत होती, आणि बाबा समोर मान खाली घालून, डोळे मिटून बसले होते. तिला वाटलं होतं, आई त्यांना रागावते आहे.

शिवाय घरात एक नियम होता. बाबांशी मागून बोलायचं नाही. समोर जायचं, तोंडाकडे बघायचं, मग बोलायचं. मोठ्या माणसाशी बोलायची रीत असते ती, असं आई म्हणायची. दुसऱ्या कुठल्या घरात ही रीत नव्हती, पण प्रत्येक घराची काहीतरी असतेच, तशी ही त्यांची. मुलांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे आईला ठाऊक होतं. कानाने कमी असलेला माणूस पंपघरात ठेवला असता कुणी? सळईने तो सगळ्या खात्याहून जास्त ऐकतो, हे कुणाला पटवून देत बसणार. तेव्हा बाबांचं कमी ऐकू येणं दोघांनी मिळून झाकलं, आणि झाकायला मुलांच्या चांगल्या वळणाचं पांघरूण घेतलं. आणि तिने ती रीत एकदाच मोडली होती. मावशीची कूस उजवली नव्हती. आईने बहिणीला शब्द दिला होता की थोरली तुझी. तशी ती मावशीकडे गेली, पहिल्या सुट्टीत घरी आली, आणि परत जायच्या आदल्या दुपारी तिला कळलं की आपल्याला हे जमणार नाही. मावशी वाईट नव्हती. मावशीच्या घरात सगळं जागच्या जागी होतं, एवढंच. रडून तोंड सुजलं होतं, नाक वाहत होतं, असलं तोंड घेऊन बाबांसमोर कसं जायचं? म्हणून ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. बाबा खिडकीशी काहीतरी जोडत होते. ती म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं. मला इथंच ठेवा." आणखीही म्हणाली. दूध पिईन, धाकट्याला मारणार नाही, कोपऱ्यात झोपेन. बाबांनी एक स्क्रू उचलला, त्यावर फुंकर मारली, तो जागी बसवला. पाठ हलली नाही. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, ओले हात तसेच लोंबत ठेवून. मुलगी तिच्याकडे बघून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर होते, आईने तिला गाडीत बसवून दिलं. त्या पाठीने तिला जे उत्तर दिलं ते तिने एकदाच घेतलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्या घरी ती पाहुणीसारखी येत राहिली, बाबांशी समोरून, नीट, रीतीने बोलत राहिली. आणि ते गेले तेव्हाही पाहुणीसारखीच येऊन गेली. आई पुढे पुढे कामं करताना दोन ओळी गुणगुणायची, त्या आईने कुठून आणल्या कुणास ठाऊक.

लेक निघाली दूरगावा, दारी उंबरा निजला
हाक मारून गेली बाई, नाही उंबरा उठला

तिला वाटायचं, आई बाबांना टोचते आहे. एवढं ऐकूनही त्यांना काही कसं वाटत नाही, म्हणून ती आणखी कडू व्हायची.

पट्टी सापडायला वेळ लागला नाही. आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या आणि रिळांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली. त्याच फडक्यात छोटा माइक. डॉक्टरांनी ती पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, कानाला लावायचं नाहीच हे, हाडाला लावायचं, आणि मी गाढव स्पीकर शोधत बसलो. थिजलेल्या कानाला वळसा घालून आवाज सरळ डोक्यात न्यायचा. त्यांनी दोन भाग बदलले, वायरी जोडल्या, दिवा लागला, काचेच्या नळ्या विस्तवासारख्या हळूहळू लाल झाल्या. पट्टी तिने कानामागे चढवली. दुकानाबाहेर गाड्या होत्या, लोक होते, ते सगळं तिच्यासाठी नेहमीसारखं भिंतीपलीकडे होतं. आणि डॉक्टर माइकपाशी नुसते खाकरले ते तिच्या कवटीच्या आत. ती दचकून मागे पाहायला लागली. ते माइकमध्ये म्हणाले, "मागं कुणी नाही, ताई. मीच आहे." मग गंमत सुचून म्हणाले, आता गिटारवाल्याला काय सांगू? तिने पट्टी उतरवून फडक्यात गुंडाळली. बाबांना ऐकू आलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट. सगळं आयुष्य जिच्यावर कलतं होऊन उभं राहिलं ती भिंत तिथे कधी नव्हतीच. डबा उराशी धरून ती घरी चालली, आणि अर्ध्या वाटेत तिची पावलं मंदावली, कारण दुसरी गोष्ट मागून आली होती. बाबांना नव्हतं ऐकू आलं. आईला आलं होतं. आणि त्या संध्याकाळीही कोर्ट बसलंच असेल. पुढच्याही. मग आईने सांगितलं असेलच. म्हणजे बाबांना कळलं, आणि तरीही ते न्यायला आले नाहीत. दुपारी नाही तर संध्याकाळी, पण उत्तर तेच.

घरात तिरपं ऊन आलं होतं. तिने डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला, वायर लावली, पट्टी चढवली आणि खुंटी हळूहळू वर नेली, पहिल्या ठिपक्यापाशी, दुसऱ्या. दोन-तीन ठिपके चढल्यावर घर बोलायला लागलं. चमचा ठेवल्याचा आवाज. स्वतःच्या बाहीची सळसळ. याच ठिपक्यापाशी कधीतरी बाबा होते. मग कान आणखी थिजला तसे इथून निघून पुढच्यापाशी गेले. आणि शेवटच्या ठिपक्यानंतर, जिथे खुंटी अडते तिथे, ती दोघं संध्याकाळी काय करत असतील? दार लोटून नुसती बसत असतील? तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज तिच्या डोक्यात करकरला. आई पलंगावरून उठून आली होती. कुणी बोलावलं नव्हतं. ती समोर बसली, माइक जवळ ओढला, बाहीने पुसला, आणि रोजचं काम असावं तशी बोलायला लागली. आवाज तरुण नव्हता, पण चाल तरुण होती.

"ऐकताय ना? हं. आज पाणी उशिरा आलं, तुमच्याच पंपांची कृपा. समोरची मलाच बोलली, जशी काय मीच नळ धरून बसलेय. मीही ऐकून घेतलं नाही. धाकट्याचा दात पडला, उशीखाली लपवलाय. तुम्ही विचारू नका, मी चहाडी केली म्हणून रुसेल."

तिला हसू आलं. आई एवढं बोललीच नव्हती, या घरात आल्यापासून. प्रत्येक शब्द कडेला न सांडता आत येत होता. याच वाटेने तो रोज बाबांच्या आत गेला होता. आईने एक सुस्कारा टाकला, तोही आला.

"आणि थोरली पोचली असेल आता. गाडी वेळेवर सुटली. खिडकीची जागा मिळाली." मग आई थांबली. समोर कुणी काही म्हणालं नव्हतं. तिने डोकं किंचित कलतं केलं, ऐकल्यासारखं, आणि म्हणाली, "नाही हो. रडेल कशाला?" पुन्हा थांबली. "हसत गेली. म्हणाली, बाबांना सांग, मला करमतं मावशीकडे." या वेळी बराच वेळ गेला. डब्यातली बारीक गुणगुण तेवढी चालू होती. आईच्या कपाळावर आठी उमटली. "किती वेळा तेच विचाराल? नाही रडली म्हटलं ना. माझ्या बहिणीचं घर आहे ते, विहीर नाही."

टेबलाच्या अलीकडे बसलेल्या बाईला त्या गप्प जागांमध्ये आपल्या बापाचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. तो विचारत होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि त्याला दर वेळी तेच सांगितलं जात होतं. त्याच्यापर्यंत जाणारी एकच वाट होती, आणि त्या वाटेवर आई बसलेली होती, एका हातात लेक आणि दुसऱ्या हातात बहीण घेऊन. हिला ओरडावंसं वाटलं. आई, का गं. पण मग आईने एक गोष्ट केली. तिने माइकवर तळहात ठेवला, घट्ट, जसा एखाद्या लेकराच्या तोंडावर ठेवावा. आवाज मिटला. डोक्यात नुसती गुणगुण राहिली. आणि आईचे ओठ हलत राहिले.

ऐकू कमी यायला लागल्यापासून ही लोकांचे ओठ बघायला शिकली होती. ओठ म्हणाले, रडली हो. तुमच्याच मागे उभी राहून रडली. मला इथंच ठेवा म्हणाली. ओठ हे पुन्हा म्हणाले, आणखी पुन्हा म्हणाले, घाईघाईने, जणू वेळ थोडा आहे. हे आजचं नव्हतं. त्या हाताला सवय होती. माइकवर तळहात ठेवून ती संध्याकाळमागून संध्याकाळ त्यांच्या तोंडावर खरं सांगत आली होती, आणि ते समोरच बसलेले असायचे. पण बाबा ऐकताना डोळे मिटून घ्यायचे.

आईने हात काढला. आवाज परत आला, तिचा श्वास, खुर्चीची कुरकुर. डोळे पुसून ती समोर बघू लागली, जरा भीत, जरा आशेने, आणि तिने विचारलं, "ऐकलंत ना सगळं?"

लेकीने डोळे मिटले आणि होय म्हणून मान हलवली.